कुंपणाबाहेरची सुरक्षितता

अणुवीजनिर्मितीचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करणारा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुहानी दायित्वाचा कायदा हे दोन्ही या कायद्याने मागे पडले, अणुऊर्जा नियामक मंडळाला प्रथमच वैधानिक स्थान मिळाले आणि २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉट अणुवीजनिर्मितीची क्षमता उभारण्याच्या उद्दिष्टाचा मार्ग मोकळा करण्यात आला. २०२५ च्या अखेरीस देशाची ही क्षमता नऊ हजार मेगावॉटच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढच्या पल्ल्याची कल्पना येते. या कायद्यावर जी चर्चा झाली तीत मोठा भर भरपाईच्या प्रश्नावर होता. अपघात झाल्यास चालक कंपनीने किती द्यावयाचे, शासनाने किती सोसावयाचे आणि सदोष यंत्रसामग्री पुरविणाऱ्याला मोकळे सोडावयाचे काय, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ युक्तिवाद झाला.

ही चर्चा आवश्यकच होती; परंतु तीत एक प्रश्न बाजूला पडला. भरपाईचा प्रश्न अपघातानंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी न्यायाधिकरणापुढे उभा राहतो. अपघाताने माणसांचे किती नुकसान व्हावयाचे, हे मात्र पुष्कळ अंशी पहिल्या काही तासांतच ठरून जाते. काय घडले हे त्या तासांत कोणाला ठाऊक होते, त्यांनी ते कोणाला कळविले, ज्यांना कळले त्यांना पुढे काय करावयाचे हे माहीत होते काय, आणि सांगणाऱ्यावर ऐकणाऱ्यांचा विश्वास होता काय, या चार गोष्टींवर सारे अवलंबून असते. यंत्राची सुरक्षितता हा अभियंत्यांचा विषय आहे. ही दुसरी सुरक्षितता मात्र जिल्हाधिकारी, तहसीलदार, मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि सामान्य नागरिक यांच्या हाती असते. अणुउद्योगाच्या इतिहासातील मोठे अपघात पाहिले तर या दुसऱ्या सुरक्षिततेची उपेक्षा सर्वत्र झालेली दिसते, आणि भारतही त्याला अपवाद नाही.

तोकाईचा धडा

या दृष्टीने सर्वांत बोधप्रद अपघात वीजनिर्मिती करणाऱ्या अणुभट्टीत घडलेला नाही. तो जपानमध्ये टोकियोच्या ईशान्येस असलेल्या तोकाई या गावी, अणुइंधनाच्या एका कारखान्यात घडला. ३० सप्टेंबर १९९९ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास जेसीओ या कंपनीचे तीन कामगार एका प्रायोगिक अणुभट्टीसाठी युरेनियमचे द्रावण तयार करीत होते. हे युरेनियम १८.८ टक्के समृद्ध होते. कारखान्यातील नेहमीच्या कामात ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असे. ज्या टाकीत हे द्रावण ओतले जात होते तीत एका वेळी २.४ किलोग्रॅमपेक्षा अधिक युरेनियम घालण्यास परवानगी नव्हती. सातव्या खेपेचे द्रावण ओतले जात असताना टाकीतील युरेनियम सोळा किलोग्रॅमवर गेले. निळा प्रकाश चमकला, धोक्याची घंटा वाजू लागली आणि टाकीत अणुविभाजनाची साखळी प्रक्रिया सुरू झाली. तिघांपैकी दोघे कामगार पुढे काही महिन्यांच्या यातनांनंतर मरण पावले.

हा केवळ तीन कामगारांचा निष्काळजीपणा होता असे म्हणून चालणार नाही. शासनाने मान्य केलेली कार्यपद्धती वेळखाऊ वाटल्याने कंपनीनेच पोलादी बादल्या वापरण्याची सोपी पद्धत रूढ केली होती आणि ती आपल्या अंतर्गत नियमपुस्तिकेतही नमूद केली होती. कामगार त्याच वाटेने आणखी एक पाऊल पुढे गेले. साखळी प्रक्रिया म्हणजे काय आणि ती कशाने सुरू होते, हे त्यांना पुरेसे शिकविण्यातच आले नव्हते. त्याहून गंभीर बाब अशी की, कारखान्याला परवाना देताना असा अपघात येथे संभवतच नाही, असे नियामकांनी गृहीत धरले होते. जे संभवत नाही त्याची तयारी कोण करील? साहजिकच अशा अपघाताच्या वेळी काय करावयाचे याची योजना कारखान्यात नव्हती आणि गावातही नव्हती.

परिणाम लगेच दिसून आले. जखमींना नेण्यासाठी आलेल्या रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना हा किरणोत्सर्गाचा अपघात आहे हे सांगण्यात आले नाही. ते संरक्षक पोशाखाविना आत गेले आणि त्यांनाही किरणोत्सर्गाची बाधा पोहोचली. ग्रामप्रशासनाला बातमी कळण्यास जवळजवळ तास लागला. टाकीतील प्रक्रिया थांबलेली नाही, ती धुमसतच आहे, हे न्यूट्रॉनची मोजमापे घेतल्यावर संध्याकाळच्या सुमारास स्पष्ट झाले. केंद्र सरकार आणि प्रांतिक प्रशासन यांच्यात विचारविनिमय चालू होता. अशा वेळी तोकाईचे ग्रामप्रमुख तात्सुया मुराकामी यांनी वरून आदेश येण्याची वाट न पाहता, दुपारी तीनच्या सुमारास कारखान्यापासून साडेतीनशे मीटरच्या परिसरातील रहिवाशांना हलविण्याचा निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेतला. सुमारे १६० माणसे त्यामुळे दूर गेली. दहा किलोमीटरच्या टापूतील तीन लाखांवर लोकांनी घरातच थांबावे, असा प्रांतिक प्रशासनाचा सल्ला निघाला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी छोट्या छोट्या पाळ्यांनी आत जाऊन टाकीभोवतीचे थंड पाणी काढून टाकले आणि सुमारे वीस तासांनी ती प्रक्रिया थांबली.

मुराकामी अणुशास्त्रज्ञ नव्हते. किती किरणोत्सर्ग होत आहे याचे गणित त्यांना मांडता आले नसते. परंतु संकट निश्चित असताना आणि माहिती अपुरी असताना कोणीतरी निर्णय घ्यावा लागतो, आणि तो संकटाच्या जवळच्या माणसालाच घ्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले. निर्णय घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो तो बहुधा दूर राजधानीत असतो, आणि ज्याच्या दारात संकट उभे असते त्याच्याकडे तो अधिकार नसतो. तोकाईच्या घटनेने ही विसंगती उघडी केली.

योजना होती, पण कागदावर

या अपघातानंतर जपानने त्याच वर्षी अणुआपत्तीच्या तयारीचा स्वतंत्र कायदा केला. प्रत्येक अणुकेंद्राच्या परिसरात एक आपत्कालीन नियंत्रण केंद्र उभारण्यात आले. आपत्ती ओढवताच केंद्र सरकारचे, प्रांताचे, गावाचे आणि कंपनीचे अधिकारी तेथे एकत्र जमतील व एकमुखाने निर्णय घेतील, अशी ही कल्पना होती. दरवर्षी रंगीत तालमी होऊ लागल्या. कोणालाही वाटावे की धडा पुरता शिकून झाला.

११ मार्च २०११ रोजी त्या व्यवस्थेची परीक्षा झाली. भूकंपामागोमाग आलेल्या सुमारे चौदा-पंधरा मीटर उंचीच्या लाटांनी फुकुशिमा दाइची अणुकेंद्राची वीजव्यवस्था बुडविली. तेथील आपत्कालीन केंद्र अणुकेंद्रापासून अवघ्या पाच किलोमीटरवर बांधलेले होते. भूकंपाने त्याची वीज गेली, दळणवळण तुटले, रस्ते खचल्याने अनेक अधिकारी तेथे पोहोचूच शकले नाहीत. किरणोत्सर्गी धूळ रोखणारी गाळणयंत्रणा त्या इमारतीला नव्हती. चारच दिवसांत ते केंद्र सोडून अधिकाऱ्यांना फुकुशिमा शहरात जावे लागले. आपत्तीसाठी उभारलेले केंद्र आपत्तीतच निकामी झाले, कारण आपत्ती लहान असेल आणि ती एकटीच येईल, असे योजनाकारांनी गृहीत धरले होते.

जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये दिलेला अहवाल या बाबतीत मुळातून वाचण्याजोगा आहे. रात्री ९ वाजून २३ मिनिटांनी तीन किलोमीटरचा परिसर मोकळा करण्याचा आदेश निघाला, तेव्हा ज्या गावात अणुकेंद्र होते तेथील केवळ वीस टक्के रहिवाशांना अपघाताची माहिती होती. पुढे हा टापू दहा आणि मग वीस किलोमीटरपर्यंत वाढत गेला, आणि अनेक कुटुंबांना एका निवाऱ्यातून दुसऱ्यात पुनःपुन्हा हलावे लागले. नामिए या गावच्या लोकांनी वायव्येकडील त्सुशिमा भागात आश्रय घेतला. वारा किरणोत्सर्गी द्रव्ये घेऊन नेमका त्याच दिशेला वाहत होता. वाऱ्यानुसार किरणोत्सर्ग कोठे पसरेल याचे अंदाज वर्तविणारी संगणकीय यंत्रणा शासनापाशी होती. तिचे निष्कर्ष २३ मार्चपर्यंत लोकांपुढे आले नाहीत.

सर्वांत करुण कहाणी फुताबा रुग्णालयाची आहे. अणुकेंद्रापासून पाचएक किलोमीटरवरील या रुग्णालयात अंथरुणाला खिळलेले वृद्ध मोठ्या संख्येने होते. त्यांना कसे, कोठे आणि कोणत्या वाहनाने हलवावयाचे याची योजना नव्हती. काही रुग्णांना पुरेशा वैद्यकीय सोबतीविना बसमधून तासन् तास प्रवास घडला. काही जण दिवसेंदिवस मागेच राहिले. या धावपळीत आणि तिच्यानंतर चाळीसहून अधिक रुग्ण दगावले. फुकुशिमात किरणोत्सर्गाच्या तीव्र बाधेने तत्काळ कोणी मरण पावले नाही. परंतु स्थलांतराचे हाल, तुटलेले उपचार आणि मनोधैर्य खचणे यांमुळे त्या प्रांतात झालेल्या मृत्यूंची अधिकृत नोंद २,३०० च्या वर गेली आहे. लोकांना हलविणे हेदेखील एक धोकादायक औषध आहे. त्याची मात्रा चुकली तर ते घात करते. कोणाला तातडीने हलवावयाचे आणि कोणाला काही काळ आहे तेथेच सुरक्षित ठेवावयाचे, हे आधी ठरविलेले नसेल तर ऐन वेळी ठरविता येत नाही.

मौनाची किंमत

जपानपूर्वीच्या दोन मोठ्या अपघातांचे तात्पर्यही वेगळे नाही. अमेरिकेतील थ्री माईल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. प्रत्यक्षात बाहेर पडलेला किरणोत्सर्ग फारच थोडा होता. परंतु दोन दिवसांनी चिमणीच्या वर घेतलेल्या एका मोजमापाचा चुकीचा अर्थ लावला गेला. आधी घरात थांबण्याचा आणि मग गरोदर स्त्रिया व लहान मुले यांनी पाच मैलांच्या टापूबाहेर जाण्याचा सल्ला राज्यपालांनी दिला. त्या सल्ल्याची व्याप्ती काही हजार माणसांपुरती असताना सुमारे १,४०,००० लोक घरे सोडून निघाले. अधिकृत सांगण्यावरचा विश्वास उडाला की लोक स्वतःची योजना स्वतःच करतात, हा त्याचा अर्थ.

चेर्नोबिल येथे २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे स्फोट झाला. लगतच्या प्रिप्यात शहरातील सुमारे ४९ हजार रहिवाशांना हलविण्यास प्रारंभ झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे छत्तीस तासांनी. तोवर मुले अंगणात खेळत होती. २८ एप्रिलला स्वीडनमधील अणुकेंद्रावरील उपकरणांनी हवेतील किरणोत्सर्ग टिपला, तेव्हा कोठे त्या संध्याकाळी मॉस्कोने चार ओळींची घोषणा केली. या मौनाची किंमत मुलांनी मोजली. किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडते, गाईच्या दुधात उतरते आणि मुलांच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत साठते. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते. म्हणजे काही आठवडे स्थानिक दूध टाळले की धोका पुष्कळ कमी होतो. अपघातसमयी ज्यांचे वय अठरापेक्षा कमी होते अशांमध्ये पुढे थायरॉईडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले, आणि त्यातील मोठ्या भागाचा संबंध दूषित दुधाशी जोडला गेला. येथे कोणत्याही महागड्या यंत्राची गरज नव्हती. ‘मुलांना सध्या दूध देऊ नका’ एवढे एक वाक्य वेळेवर सांगितले जाणे पुरेसे होते.

भारतीय चित्र

भारतातील अणुकेंद्रांच्या आत काम करणाऱ्यांनी संकटसमयी दाखविलेले धैर्य आणि कौशल्य निर्विवाद आहे. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबल जळाल्या आणि सुमारे सतरा तास केंद्राला वीज नव्हती. नियंत्रण कक्षात धूर भरला. अशाही स्थितीत कर्मचाऱ्यांनी विजेरीच्या उजेडात वर चढून भट्टीत बोरॉन सोडले आणि आग विझविण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी पाणी पुरवून भट्टीतील उष्णता काढून नेली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कम केंद्राच्या पंपगृहात पाणी शिरले, तेव्हा तेथील भट्टी सुखरूपपणे बंद करण्यात आली. मात्र त्याच लाटेने किनाऱ्यावरील कल्पाक्कमच्या वसाहतीत बळी घेतले. यंत्र वाचले, पण माणसांपर्यंत इशारा पोहोचू शकला नाही.

कागदावर पाहिले तर भारतातील व्यवस्था परिपूर्ण भासते. केंद्रापासून सुमारे एक ते दीड किलोमीटरचा परिसर निर्मनुष्य ठेवावयाचा, पाच किलोमीटरपर्यंत लोकवस्तीच्या वाढीला आळा घालावयाचा आणि सोळा किलोमीटरपर्यंतच्या टापूसाठी आपत्कालीन योजना आखावयाची, अशी ही रचना आहे. संकट केंद्राच्या कुंपणाबाहेर जाण्याची चिन्हे दिसताच सूत्रे जिल्हाधिकाऱ्याकडे जातात. कुंपणाबाहेरच्या योजनेची रंगीत तालीम दर दोन वर्षांनी व्हावी, असा दंडक आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये यासाठी सविस्तर मार्गदर्शक सूत्रेही प्रसिद्ध केली.

पण २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कारभाराची जी तपासणी केली, तीत कुंपणाबाहेरच्या तालमींतून अपुरी तयारीच उघड झाल्याचा निष्कर्ष नोंदविण्यात आला. नियमभंगासाठी आकारता येणारा कमाल दंड पाचशे रुपये होता, हेही त्याच अहवालाने देशापुढे आणले. नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले खरे. परंतु ज्या खात्याच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवावयाची त्याच खात्याच्या छायेत ते दीर्घकाळ राहिले. त्याला स्वतंत्र करणारे विधेयक २०११ मध्ये मांडले गेले आणि लोकसभेची मुदत संपताच ते बारगळले. नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक स्थान दिले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र कायद्यातील स्थान आणि कारभारातील स्वातंत्र्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. खासगी कंपन्या या क्षेत्रात उतरल्यावर तर त्यांतील अंतर अधिकच जाणवेल. तोकाईच्या कंपनीने वेळ वाचविण्यासाठीच बादल्या हाती घेतल्या होत्या, याचा विसर पडता कामा नये.

तारापूरच्या परिसरात

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. मुंबईच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर, पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. तेथे आज वीजनिर्मितीच्या चार भट्ट्यांबरोबरच वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारे आणि किरणोत्सर्गी कचरा हाताळणारे प्रकल्पही आहेत. केंद्र उभे राहिले तेव्हाचा शांत किनारा आता राहिलेला नाही. जवळच बोईसरला राज्यातील एक मोठी औद्योगिक वसाहत वाढली. तिच्यातील रासायनिक कारखान्यांत स्फोट आणि वायुगळतीच्या घटना वारंवार घडल्या आहेत. २०१८ च्या अखेरीपासून डहाणू-तलासरी भागात लहान-मोठ्या भूकंपांचे धक्के बसू लागले आणि तेथील आदिवासी कुटुंबांना थंडीच्या रात्री घराबाहेर काढाव्या लागल्या.

आता सोळा किलोमीटरच्या योजनेतील पहिली सूचना पाहावी. ती अशी: घरात जा, दारे-खिडक्या लावून घ्या आणि पुढील सूचनेपर्यंत बाहेर पडू नका. पक्क्या भिंतींच्या घरासाठी ही सूचना शास्त्रशुद्ध आहे. पण कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेल्या वारल्याच्या घराने वारा अडत नाही; त्याची दारे लावून घेतल्याने काय साधणार? त्या पाड्यातील लोकांसाठी शाळेची वा समाजमंदिराची पक्की इमारत आधीच निश्चित केलेली असावी लागेल आणि तिची किल्ली कोणापाशी आहे हे पाड्याला ठाऊक असावे लागेल. किनाऱ्यावरील घिवली, दांडी, नवापूर यांसारख्या गावांतील मच्छीमार त्या वेळी खोल समुद्रात असतील. त्यांना कोणत्या बंदरात परत यावयाचे हे बिनतारी संदेशाने सांगावे लागेल. बोईसरच्या चाळींतून उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून आलेले हजारो कामगार राहतात. इशारा केवळ मराठीत निघाला तर तो त्यांच्यापर्यंत कसा पोहोचणार?

भोंग्याचा प्रश्नही असाच आहे. रासायनिक कारखाने आणि अणुकेंद्र शेजारी-शेजारी असलेल्या या भागात भोंगा वाजला, तर तो कशाचा, हे लोकांना कळले पाहिजे. क्लोरीनसारखा जड वायू जमिनीलगत पसरतो, म्हणून त्या वेळी वरच्या मजल्याचा आसरा बरा. किरणोत्सर्गी धूळ छपरावर साचते, म्हणून त्या वेळी खालच्या मजल्यावरील आतली खोली बरी. एकाच भोंग्याला दोन विरुद्ध उत्तरे असू शकतात. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री भोपाळच्या लोकांना तोंडावर ओला कपडा धरा, एवढेही कोणी सांगितले नव्हते. लोक वायू ज्या दिशेने पसरत होता त्याच दिशेने धावत सुटले. त्या दुर्घटनेनंतर देशात धोकादायक रसायनांविषयी कायदे आणि नियम झाले. परंतु नियमांनी जी माहिती जनतेला देण्यास सांगितले आहे, ती किती गावांच्या चावडीवर लागलेली दिसते?

आयोडीनच्या गोळ्यांचा विचार केला तरी हेच आढळते. या गोळ्या थायरॉईड ग्रंथी साध्या आयोडीनने भरून टाकतात आणि किरणोत्सर्गी आयोडीनला तेथे जागा उरू देत नाहीत. पण त्या योग्य वेळी, म्हणजे बाधा होण्याच्या थोडे आधी वा त्यानंतरच्या काही तासांतच घ्याव्या लागतात. आणि अन्य किरणोत्सर्गी द्रव्यांपासून त्या संरक्षण देत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी कुलुपात असलेली गोळी सोळा किलोमीटरवरील पाड्याला वेळेवर मिळणे दुरापास्तच. स्वित्झर्लंडने अणुकेंद्रांपासून पन्नास किलोमीटरपर्यंतच्या, तर फ्रान्सने वीस किलोमीटरपर्यंतच्या घरांसाठी या गोळ्यांच्या आगाऊ वाटपाची व्यवस्था केली आहे. भारतात घरोघर वाटप करणे व्यवहार्य वाटत नसेल, तर प्राथमिक आरोग्य उपकेंद्रे आणि शाळा येथे तरी साठा असावा, आणि त्या केव्हा घ्यावयाच्या व केव्हा घ्यावयाच्या नाहीत हे शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांना शिकविलेले असावे.

घबराटीचा बागुलबुवा

यावर अधिकाऱ्यांचे एक ठराविक उत्तर असते: लोकांना एवढे सांगितले तर घबराट पसरेल. अणुऊर्जेच्या काही पुरस्कर्त्यांना तयारीची भाषा म्हणजे धोक्याची कबुली वाटते. काही विरोधकांना ती प्रकल्पाला दिलेली मूक संमती वाटते. परिणामी दोघांच्याही भांडणात योजना कपाटातच राहते. ही भीती अनुभवाला धरून नाही. थ्री माईल आयलंडच्या भोवतालचे लोक माहिती मिळाल्यामुळे पळाले नाहीत. परस्परविरोधी माहितीमुळे पळाले. जहाजावर जीवरक्षक पट्टा कसा बांधावा हे दाखविल्याने उतारू किनाऱ्यावर परतत नाहीत. कोकणातील जैतापूरच्या प्रस्तावित प्रकल्पाला जो विरोध झाला, त्याच्या मुळाशीही, जमिनीच्या आणि मासेमारीच्या प्रश्नांबरोबर, शासन सारे खरे सांगत नाही ही भावना होतीच.

अणुवीज घ्यावी की न घ्यावी, याविषयी मतभेद राहणारच. कोळशाच्या धुराने होणारी हानी मोठी आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून अणुऊर्जेचा विचार करता येत नाही, हेही खरे. पण या वादाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला, तरी तारापूरसारखी जी केंद्रे उभी आहेत ती आणि त्यांतील वापरलेले इंधन दीर्घकाळ तेथेच राहणार आहे. तेव्हा कुंपणाबाहेरच्या तयारीला या वादाच्या निकालासाठी थांबता येणार नाही.

ही तयारी अवाढव्य खर्चाचीही नाही. सोळा किलोमीटरच्या टापूतील प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठी, हिंदी आणि स्थानिक बोलीत लिहिलेला एक पानी फलक लागावा. शाळेच्या वेळापत्रकात वर्षातून एक दिवस या तालमीसाठी राखून ठेवावा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची, अपंगांची आणि गरोदर स्त्रियांची यादी तलाठी व आरोग्यसेविका यांनी दर सहा महिन्यांनी तपासावी. जिल्हाधिकाऱ्याशी संपर्क तुटला तर प्राथमिक निर्णय घेण्याचा अधिकार तहसीलदाराला आणि सरपंचाला लेखी दिलेला असावा. रंगीत तालीम आधी कळविलेल्या दिवशी, सकाळी दहाला, मंडपात न होता पावसाळ्यातील एखाद्या रात्री, वीज नसताना व्हावी. आणि तालमीत आढळलेले दोष नियामक मंडळाने नावगावासह प्रसिद्ध करावेत. ज्या तालमीत एकही दोष सापडला नाही, ती तालीम झालीच नाही असे समजावे. खासगी कंपनीला परवाना देताना या गोष्टी पूर्ण झाल्याचे स्थानिक ग्रामसभेपुढे दाखवून देण्याची अट घातली गेली, तर नव्या कायद्याला खरा अर्थ प्राप्त होईल.

फुकुशिमाच्या उत्तरेस ओनागावा येथे दुसरे एक अणुकेंद्र आहे. २०११ च्या भूकंपाच्या केंद्रबिंदूला ते फुकुशिमापेक्षाही जवळ होते. किनाऱ्याच्या जुन्या त्सुनामींचा विचार करून ते सुमारे चौदा मीटर उंचीवर बांधलेले असल्याने तेथपर्यंत लाट पोहोचली नाही आणि भट्ट्या सुखरूप बंद झाल्या. खालचे गाव मात्र वाहून गेले. घरे गमावलेले लोक त्या संध्याकाळी अणुकेंद्राच्या दारात आले. केंद्राने ते दार उघडले आणि पुढे तीनशेहून अधिक माणसांनी केंद्राच्या व्यायामशाळेत आश्रय घेतला. त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर, एका अणुकेंद्रापासून माणसे दूर पळत होती आणि दुसऱ्याच्या आसऱ्याला जात होती. तारापूरच्या वा उद्याच्या जैतापूरच्या रहिवाशांनी संकटसमयी कोणता रस्ता धरावा, याचा निर्णय संकटाच्या दिवशी होणार नाही. तो आधीच्या साध्या, शांत दिवसांत, त्यांना काय सांगितले गेले आणि काय दडविले गेले, यावरून होणार आहे.